सागरी जलजीवालय, घरगुती

नैसर्गिक अथवा कृत्रिम रीत्या तयार केलेले समुद्रजल काचेच्या टाकीत ठेवून तीत प्रवाळभित्तीवरील मासे व त्यांच्या सहवासातील इतर जीव घरी पाळण्याच्या व्यवस्थेस घरगुती सागरी जलजीवालय म्हणतात. गोड्या पाण्यातील शोभिवंत मासे पाळण्याची परंपरा जुनी असून चीनमध्ये सोनमासा सुंग राजवटीच्या काळापासून पाळला जात आहे. समुद्रातील मासे टाकीत जगविण्याचे शास्त्र मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाले आणि किनाऱ्यापासून दूरच्या घरात ते सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यात येण्यास आणखी शंभर वर्षे लागली.

प्रवाळभित्तीवरील सर्व मासे सारख्या स्वभावाचे नसतात. चित्रांतून परिचित झालेले विदूषक मासे किंवा फुलपाखरू मासे दिवसा उघड्यावर वावरतात. याउलट भित्तीच्या फटींत, गुहांत व कपारींत दिवस काढणारे आणि तिन्हीसांजेस बाहेर पडणारे मासे संख्येने काही थोडे नाहीत. कॅलोप्लेसिऑप्स अल्टिव्हेलिस हा मासा याचे उत्तम उदाहरण होय. तांबडा समुद्र व पूर्व आफ्रिकेचा किनारा यांपासून टोंगा बेटांपर्यंत तो आढळतो. काळसर अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची पखरण असून पृष्ठपक्षाच्या मुळाशी डोळ्यासारखा एक गोल ठिपका असतो. संकट दिसताच हा मासा डोके कपारीत खुपसून शेपटीकडचा भाग बाहेर ठेवतो. तो भाग त्या ठिपक्यामुळे दंश करणाऱ्या मोरे जातीच्या अहिराच्या तोंडासारखा दिसतो. शत्रूला फसविणारी ही युक्ती माणसाच्या टाकीत मात्र त्याच्या जिवावर उठत आली, कारण जलजीवालय ही मुळात पाहण्यासाठी निर्माण झालेली वस्तू होती आणि जो मासा दिसत नाही, तो उपाशी आहे की मेला आहे याची दखल उशिरा घेतली जात असे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अशा लाजऱ्या व विरळ माशांच्या संगोपनाचा इतिहास दिला आहे. समुद्रापासून दूर असलेल्या चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या संदर्भात त्याचा विचार शेवटी केला आहे, कारण समुद्रातील काहीही जेथे आयते मिळत नाही, तेथेच या शास्त्राची खरी परीक्षा होते.

इतिहास : माशांचा स्वभाव व आहार यांचे निरीक्षण आपल्याकडे प्राचीन आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथातील मत्स्यविनोद या प्रकरणात समुद्रातील व गोड्या पाण्यातील माशांचे प्रकार आणि कोणत्या माशास कोणते खाद्य आवडते याची माहिती आली आहे. अर्थात तो विषय गळाने मासे पकडण्याचा असून मासा टाकीत जगविण्याचा नाही.

यूरोपात जाँ व्हीलप्र-पॉवर (१७९४–१८७१) या फ्रेंच विदुषीने १८३२ च्या सुमारास सिसिलीत सागरी प्राण्यांच्या अभ्यासासाठी काचेच्या पेट्या वापरल्या. ॲना थिन (१८०६–६६) यांनी १८४६ मध्ये प्रवाळ व सागरी वनस्पती लंडनला नेऊन दीर्घकाळ जिवंत ठेवल्या. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वारंवार ओतण्यात येत असे व हे काम बहुधा घरातील मोलकरणीकडे असे. त्या काळच्या जलजीवालयाचा हा पहिला पंप म्हणावयास हरकत नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस (१८१०–८८) यांचे जलजीवालयावरील पुस्तक प्रसिद्ध होऊन इंग्लंडमध्ये या छंदाची लाट उसळली. गॉस यांनी त्याच वर्षी चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रजल तयार करण्याची कृतीही दिली. लाट मात्र लवकरच ओसरली. किनाऱ्यावरील खडकांच्या डबक्यांतून आणलेले जीव बैठकीच्या खोलीत मरत राहिले आणि ती डबकीही संग्राहकांनी ओरबाडून उजाड केली. नेपल्स येथे आंटोन डोर्न यांनी स्थापन केलेल्या प्राणिशास्त्रीय केंद्राचे जलजीवालय १८७४ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तेथे समुद्र दाराशीच असल्याने पाण्याचा प्रश्न नव्हता.

जीव का मरतात याचे उत्तर रसायनशास्त्राने व सूक्ष्मजंतुशास्त्राने दिले. मासा क्लोमांवाटे व विष्ठेवाटे जो नायट्रोजन बाहेर टाकतो त्याचा मोठा भाग अमोनियाच्या रूपात असतो आणि समुद्रजल अल्कधर्मी असल्याने त्यात अमोनियाचे विषारी रूप अधिक प्रमाणात राहते. स्यिर्ग्येई व्ह्यिनग्राट्स्की (१८५६–१९५३) यांनी १८९० च्या सुमारास अमोनियाचे नायट्राइटात व नायट्राइटाचे नायट्रेटात रूपांतर करणारे सूक्ष्मजंतू वेगळे केले. शेतजमिनीच्या अभ्यासातून निघालेला हा शोध जलजीवालयास लागू व्हावयास कित्येक दशके गेली. ‘पाणी जुने झाले की मासे जगतात’ हे मत्स्यपालकांना अनुभवाने ठाऊक होते. जुने होते ते वस्तुतः पाणी नव्हे, तर वाळूवर व दगडावर वाढलेला या सूक्ष्मजंतूंचा थर.

विसाव्या शतकाच्या मध्यास तीन गोष्टी एकामागून एक घडल्या आणि खारी टाकी घरात आली. रॉबर्ट स्ट्रॉन यांचे घरगुती खाऱ्या टाकीवरील पुस्तक १९५९ मध्ये निघाले व तळातील रेतीतून पाणी खेचणारी गाळणी रूढ झाली. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत समुद्रजलाचे तयार क्षारमिश्रण पिशवीतून विकले जाऊ लागले. सिलिकोनाचा चिकटा आल्यामुळे लोखंडी चौकटीची गरज उरली नाही. पूर्वी ही चौकट खाऱ्या पाण्याने गंजून त्यातील धातू पाण्यात उतरत असे. याच सुमारास, १९६१ मध्ये, जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी आपली पद्धती प्रसिद्ध केली. गाळणीऐवजी त्यांनी भित्तीवरील सच्छिद्र, जीवांनी भरलेले दगड टाकीत रचले व पाण्यात हवेचे थोडे बुडबुडे सोडले. त्यांच्या टाकीत मासा दगडांआड जाऊ शकत असे. आज जिला प्रवाळटाकी म्हणतात तिचे मूळ येथे आहे आणि लाजऱ्या माशांचे आयुष्य वाढण्यास यंत्रांपेक्षा दगडांची ही रचना अधिक कारणीभूत झाली. पुढे जर्मनीत पाण्यातून बारीक बुडबुडे सोडून सेंद्रिय द्रव्य फेसाबरोबर काढून टाकणाऱ्या प्रोटीन स्किमरची जोड तिला मिळाली.

भारतातील स्थिती : मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावरील जलजीवालय १९०९ मध्ये सुरू झाले. त्यामागे तेथील वस्तुसंग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांची प्रेरणा होती. मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्‌घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते २७ मे १९५१ रोजी झाले. इमारतीस सु. ८ लक्ष रुपये खर्च आला व त्यांपैकी २ लक्ष रुपये तारापोरवाला कुटुंबाने दिले. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी प्रवाळभित्तीवरील जिवंत मासा पहिल्यांदा पाहिला तो येथेच. विदर्भातून शाळेच्या सहलीने मुंबईस आलेल्या मुलांचाही त्यात समावेश होता. नूतनीकरणानंतर मार्च २०१५ मध्ये ते पुन्हा उघडले, परंतु २०२० च्या महासाथीत त्याची दारे बंद झाली. रत्नागिरी येथे १९५८ मध्ये सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले असून ते पुढे कोकण कृषी विद्यापीठाकडे आले. तेथेही संग्रहालय व मत्स्यालय आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळ मालवणच्या परिसरात आढळतात व विजयदुर्गच्या पश्चिमेस खोल समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँक या पठारावर ते विपुल आहेत.

घरगुती खाऱ्या टाक्यांना लागणारे मासे मात्र या किनाऱ्यावरून क्वचितच येत. मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट व कुर्ला येथील बाजारांत ते मन्नारच्या आखाताकडून किंवा परदेशातून येत आणि येथून या छंदाची काळी बाजू सुरू होते. कपारीत दडलेला मासा जाळ्यात सहजी येत नाही. फिलिपीन्समध्ये १९६० नंतरच्या दशकात त्यावर उपाय म्हणून सोडियम सायनाइडाचा द्राव कपारीत फवारण्याची पद्धत पडली व तेथून ती इंडोनेशियात पसरली. मासा गुंगीत बाहेर येतो, आसपासचे प्रवाळ मरतात आणि मासाही पुष्कळदा काही आठवड्यांनी विनाकारण मेल्यासारखा मरतो. अशा मृत्यूचा दोष दीर्घकाळ पाळणाऱ्याच्या अज्ञानावर टाकला जाई. मासा जितका लाजरा तितका तो विषाने पकडला जाण्याचा संभव अधिक, हा या व्यापाराचा क्रूर नियम होता.

बांगाई कार्डिनल माशाचा इतिहास याहून बोलका आहे. इंडोनेशियातील बांगाई बेटांच्या परिसरातच मूळचा असलेला हा चंदेरी-काळा मासा १९३३ मध्ये शास्त्रास ज्ञात झाला आणि नंतर विस्मृतीत गेला. १९९४ मध्ये तो पुन्हा सापडला. त्यानंतर थोड्याच काळात तो बाजारात आला व एकविसाव्या शतकाच्या आरंभी दरवर्षी सहा लाखांहून अधिक मासे पकडले जात असल्याचे अंदाज प्रसिद्ध झाले. २००७ मध्ये त्याची नोंद संकटग्रस्त जातींच्या लाल सूचीत झाली. वास्तविक हा मासा टाकीत सहज वितो. नर अंडी तोंडात उबवितो व पिले बाहेर पडतात तीच आर्टेमियाचे डिंभ खाण्याइतकी मोठी असतात. ज्याला समुद्रातून पकडण्याचे कारणच नव्हते, तो मासा केवळ पकडणे स्वस्त पडते म्हणून संपत आला. मँडरिन माशाची गोष्ट वेगळी आहे. निळ्या-नारिंगी नक्षीचा हा सु. ६ सेंमी. लांबीचा मासा कोपेपोडांसारखे सूक्ष्म कवचधारी जीव दिवसभर एकेक टिपून खातो. नव्या टाकीत ते जीव नसतात, दिलेले खाद्य तो ओळखत नाही आणि दोन-तीन महिन्यांत हाडांचा सापळा होऊन मरतो. असे हजारो मासे मेल्यावर टाकी किमान वर्षभर जुनी असल्याखेरीज तो आणू नये, हा संकेत रूढ झाला. २०१० च्या सुमारास टाकीत जन्मलेले व तयार खाद्यास सरावलेले मँडरिन बाजारात आले. विदूषक माशांचे व्यापारी प्रजनन त्यापूर्वीच, १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी, फ्लॉरिडात मार्टिन मो यांनी साधले होते. भारतात केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने विळिंजम व मंडपम येथे ते यशस्वी केले व अलीकडे नवी मुंबईतील ऐरोली येथे कांदळवन प्रतिष्ठानानेही ते हाती घेतले आहे.

कायद्यानेही या छंदाचे स्वरूप बदलले. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या अनुसूचीत २००१ मध्ये भित्ती बांधणारे प्रवाळ, तसेच सागरी घोडा व नळीमासा यांचा समावेश झाला. त्यामुळे भारतीय समुद्रातील प्रवाळाचे जिवंत दगड काढणे हा गुन्हा ठरला आणि ली चिन एंग यांची पद्धती तिच्या मूळ रूपात येथे अनुसरणे अशक्य झाले. मे २०१७ मध्ये केंद्र शासनाने मत्स्यटाक्यांच्या विक्रीसंबंधी नियम काढून विदूषक माशांसह १५८ जातींच्या विक्रीस व प्रदर्शनास मनाई केली. शोभिवंत माशांवर उपजीविका करणाऱ्यांकडून त्यास विरोध झाला व ते नियम पुढे मागे घेण्यात आले. समुद्रातून पकडलेला मासा व टाकीत जन्मलेला मासा यांत त्या नियमांनी भेद केला नव्हता. त्यांचा मुख्य दोष हाच म्हणावा लागेल.

चंद्रपूर व गडचिरोली : गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. चंद्रपूर शहरापासून मुंबई सरळ रेषेत सु. ६७५ किमी., तर बंगालच्या उपसागराचा निकटचा किनारा सु. ४५० किमी. दूर आहे. अशा वनप्रदेशात समुद्राचा विषय अस्थानी वाटेल, परंतु भूविज्ञानाच्या दृष्टीने तो तसा नाही. चंद्रपूर परिसरातील सिमेंट कारखान्यांना पुरविला जाणारा पैनगंगा गटाचा चुनखडक अतिप्राचीन समुद्रात निक्षेपित झाला आहे. त्या समुद्रात अजून मासे उत्पन्न झाले नव्हते. सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी कोटा येथील खडकांत जुरासिक कालीन माशांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सापडले व त्यांतील चकचकीत खवल्यांचा लेपिडोटस मासा विशेष प्रसिद्ध आहे.

येथे खारी टाकी उभारताना पहिला प्रश्न पाण्याचा येतो. समुद्राच्या १,००० लि. पाण्यात सु. ३५ किग्रॅ. क्षार असतात. त्यांतील तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग साधे मीठ असला, तरी उरलेल्या मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांच्या क्षारांशिवाय भित्तीवरील जीव जगत नाहीत. स्वयंपाकाचे मीठ घालून समुद्र होत नाही. तयार क्षारमिश्रण विरघळविण्यासाठी घ्यावयाचे पाणीही शुद्ध असावे लागते. चंद्रपूर जिल्ह्यातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बव्हंशी जड असून काही भागांत त्यात फ्लोराइडाचे प्रमाण जास्त आहे. घरोघरी आलेल्या आर. ओ. यंत्राने ही अडचण पुष्कळशी दूर केली आहे. मात्र पिण्याच्या पाण्यास चव यावी म्हणून अशा यंत्रात मूळ पाण्याचा काही अंश परत मिसळण्याची सोय असते, ती बंद करावी लागते.

दगडांचा प्रश्न कायद्यामुळे आला व सिमेंटने सुटला. सिमेंट व शंखशिंपल्यांचा भरड चुरा यांचे ओबडधोबड, पोकळ्या असलेले गोळे ओतून ते गोड्या पाण्यात कित्येक आठवडे भिजत ठेवतात व पाण्याचे पीएच मूल्य खाली येईपर्यंत ते पाणी बदलत राहतात. मग त्यांच्यावर सूक्ष्मजंतूंचा थर वाढू देतात. स्थानिक चुनखडकही वापरता येतो. तो कॅल्साइटाचा असल्याने ८ च्या वरच्या पीएच मूल्यास जवळजवळ विरघळत नाही, म्हणून त्यातून टाकीस कॅल्शियम मिळेल ही अपेक्षा व्यर्थ आहे. लपण्यास जागा देणे एवढेच त्याचे काम. लाजऱ्या माशाच्या दृष्टीने ते कमी महत्त्वाचे नाही.

उन्हाळा ही येथील मोठी अडचण होय. चंद्रपूरचे मे महिन्यातील कमाल तापमान ४५° से. च्या वर जाते आणि भित्तीवरील माशांना २५° ते २७° से. तापमान मानवते. पाणी तापले की त्यातील ऑक्सिजन घटतो. २६° से. तापमानास समुद्रजलाच्या एका लिटरात जेमतेम ६·७ मिग्रॅ. ऑक्सिजन मावतो, तर तेवढ्याच गोड्या पाण्यात ८ मिग्रॅ. हून अधिक. तरीही या बाबतीत विदर्भ मुंबईहून सुदैवी आहे. कोरड्या हवेत बाष्पीभवन झपाट्याने होते, म्हणून टाकीच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडल्यास पाणी कूलरच्या तत्त्वानेच अनेक अंश थंड राहते. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्यानेच भरावी लागते. ती खाऱ्या पाण्याने भरणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. राज्य वीजनिर्मिती कंपनीचे सर्वांत मोठे औष्णिक केंद्र चंद्रपूरला असले, तरी वळवाच्या वादळात वीज जावयाची ती जातेच. अशा वेळी विद्युत् घटावर चालणारा हवेचा पंप नसेल, तर रात्रीतून टाकी रिकामी होऊ शकते.

मासे आणणे हे धाडसाचे काम आहे. दिल्ली–चेन्नई लोहमार्गावरील बल्लारपूरमुळे दक्षिणेकडून माल येण्याची सोय आहे. माशाला आधी एक-दोन दिवस उपाशी ठेवून एकतृतीयांश पाणी व दोनतृतीयांश ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत बांधतात. प्रवासात पिशवीत अमोनिया साचतो. त्याच वेळी कार्बन डाय-ऑक्साइडामुळे पीएच मूल्य उतरते व अमोनियाचे विष दबून राहते. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो व विष उसळते. म्हणून लांबच्या प्रवासाने आलेला मासा उघड्या पिशवीत तासन्‌तास तरंगत ठेवणे घातक ठरते. पिशवी बंद असतानाच तापमान जुळवून, उघडल्यावर त्याला त्याच लवणतेच्या स्वच्छ पाण्यात लवकर सोडणे श्रेयस्कर.

लाजरा मासा टाकीत सर्वांत आधी सोडतात. धीट मासे अगोदरच असतील, तर ते त्याला कपारीबाहेर येऊ देत नाहीत व खाद्यही संपवितात. पहिले काही आठवडे दिवे मंद ठेवावे लागतात आणि टाकी रहदारीच्या खोलीत नसावी लागते. येथील ढिवरांना हे नवे नाही. बोडीतील वाम दिवसा चिखलात व दगडांखाली राहते आणि अंधार पडल्यावर चरावयास निघते, हे जाणूनच ते आपले गळ व सापळे संध्याकाळी लावतात. कॅलोप्लेसिऑप्सालाही दिवे मालवल्यावर अर्ध्या तासाने, कपारीच्या तोंडाशी लांब नळीने जिवंत झिंगे किंवा आर्टेमिया सोडून खाऊ घालतात. काही आठवड्यांनी तो गोठविलेले खाद्य स्वीकारू लागतो. तो खातो आहे की नाही हे तांबड्या मंद प्रकाशात पाहता येते, कारण तांबड्या प्रकाशाचे भान त्याला फारसे होत नाही. पोट खपाटीस गेलेले नाही आणि पाठीचा मांसल भाग भरलेला आहे, एवढी खूण पाळणाऱ्यास पुरते. नीट पोसलेला हा मासा टाकीत अनेक वर्षे जगतो व वितोही. नर आपल्या गुहेत अंड्यांच्या पुंजक्याची राखण करतो व त्या काळात क्वचितच बाहेर येतो. [⟶ प्रवाळ, मत्स्योद्योग].